निकोडेमस: रेल्वे आलीच नाही, तरी गाव उरलं

ज्यांना कानात इयरफोन घालायला जमत नाही, किंवा बसमध्ये रेंज जाते, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लेखी स्वरूपात. बोलताना काही गोष्टी निसटतात, त्यामुळे लिहिताना थोडी भर घातलीय.

आधी एक काम करा. फोनवर नकाशा उघडा आणि अमेरिकेच्या बरोब्बर मधलं कॅन्सस राज्य शोधा. त्याच्या वायव्य भागात ग्रॅहम काउंटी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका समजा. तिथे सॉलोमन नदीजवळ ‘निकोडेमस’ हे नाव दिसेल. झूम करत गेलात तर दोन-चार रस्ते, काही घरं आणि चारी बाजूंनी शेतंच शेतं. २०२० च्या जनगणनेत इथे १४ माणसं मोजली गेली. हो, चौदा! आपल्या एका वऱ्हाडाच्या जीपमध्ये कधीकधी एवढी माणसं बसतात.

मग अशा गावावर अख्खा भाग कशाला? कारण हे चौदा माणसांचं गाव अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसच्या यादीत राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. आणि ते कसं वसलं, कसं ओसरलं आणि तरीही का पुसलं गेलं नाही, हे कळलं की ‘गाव’ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न आपल्यालाही पडतो. मला तरी पडला.

गुलामगिरी संपली, पुढे काय?

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं आणि शेवटी गुलामगिरी कायद्याने संपली. इकडे आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं, ते याच लढ्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून जोतीरावांना त्या लढ्याचं मोल कळलं होतं.

पण कागदावर स्वातंत्र्य मिळालं म्हणून पोट भरत नाही. काल जो मालकाच्या शेतात गुलाम होता, तोच आज त्याच शेतात वाट्याने राबत होता. जमीन मालकाची, बियाणं मालकाचं, हिशोबाची वही पण मालकाचीच. दक्षिणेतल्या राज्यांत केंद्र सरकारचं सैन्य होतं, तोवर मतदानाचा आणि सभेचा हक्क थोडाफार तरी चालत होता. १८७७ मध्ये ते संरक्षण संपलं. कृष्णवर्णीय लोकांना दिसायला लागलं की इथे आता आपलं काही खरं नाही.

नेमक्या त्याच वर्षी केंटकी राज्यात एक बातमी फिरू लागली: कॅन्ससमध्ये आपल्या लोकांचं स्वतःचं गाव होतंय, चला!

ही बातमी फिरवणारी एक टाउन कंपनी होती. डब्ल्यू. आर. हिल हा जमिनीचे व्यवहार करणारा गोरा माणूस, आणि डब्ल्यू. एच. स्मिथ व सायमन राउंडट्री हे पाद्री असे कृष्णवर्णीय साथीदार. कंपनीने पत्रकं छापली, चर्चमध्ये सभा घेतल्या. कॅन्ससच का? एक तर हे राज्य यादवी युद्धाच्या आधीपासूनच गुलामगिरीविरोधी लढ्यासाठी प्रसिद्ध होतं. दुसरं म्हणजे १८६२ चा होमस्टेड कायदा. पडीक सरकारी जमीन घ्या, किरकोळ फी भरा, पाच वर्षं तिथे राहून कसा, आणि १६० एकर तुमच्या नावावर! ज्याच्या बापाला स्वतःच्या अंगावरही हक्क नव्हता, त्याच्यासाठी १६० एकर म्हणजे काय असेल, विचार करा.

गावाचं नाव निकोडेमस. बायबलमध्ये या नावाचा एक माणूस आहे. पण गावात सांगतात ती कथा वेगळी: गुलाम म्हणून आणलेल्या आणि पुढे स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलेल्या एका आफ्रिकी राजपुत्राचं हे नाव. मला विचाराल तर लोकांनी स्वतःसाठी जपलेली गोष्ट कोणती, हेच जास्त महत्त्वाचं.

“गाव कुठाय?”

१८७७ च्या उन्हाळ्यात पहिली छोटी तुकडी आली. सप्टेंबरमध्ये केंटकीतून तीनशेहून जास्त माणसं आली. रेल्वे एलिस नावाच्या स्टेशनपर्यंतच होती. तिथून निकोडेमस सरळ रेषेत मोजलं तरी पन्नास किलोमीटर. सामानसुमान, लहान पोरं घेऊन ही माणसं बरंचसं अंतर पायी चालत आली.

आणि आल्यावर दिसलं काय? काहीच नाही! झाड नाही, घर नाही, नजर जाईल तिथवर गवत. पुढच्या वर्षी आलेल्या विलियाना हिकमन या बाईंची आठवण नोंदलेली आहे. त्या नवऱ्याला विचारतात, गाव कुठंय? नवरा बोट दाखवतो, तर जमिनीतून धूर निघतोय. लोक जमिनीत खणलेल्या घरांत राहत होते आणि धूर त्यांच्या चुलींचा होता. बाईंना रडूच कोसळलं.

याचं कारण सोपं आहे. घर बांधायला लाकूड लागतं, आणि त्या माळावर झाडंच नव्हती. मग काय करायचं? उताराच्या कडेला खोली खणायची, पुढची भिंत आणि छप्पर गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांचं. याला तिकडे ‘डगआउट’ म्हणतात. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. पाऊस आला की मात्र छत गळणार आणि मातीतले किडे-साप पाहुणे येणार.

बरीच कुटुंबं ते दृश्य बघून माघारी गेली. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पत्रकात वाचलेलं गाव आणि डोळ्यांसमोरचा माळ यांत जमीन-अस्मानाचा फरक होता, आणि पोरं सोबत होती.

जे राहिले त्यांची खरी परीक्षा पुढे होती. सप्टेंबरमध्ये आल्यामुळे पेरणीचा हंगाम गेलेला. बैल-घोडे, नांगर जवळपास नव्हतेच. त्या पहिल्या थंडीत शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी त्यांना अन्न दिलं, म्हणून कितीतरी जण जगले. म्हणजे बघा, ज्यांच्या जमिनी हिसकावल्या जात होत्या ते लोक, ज्यांना जमीन कधी मिळालीच नव्हती अशा लोकांना घास देत होते. अमेरिकेच्या इतिहासातलं हे पान फारसं कुणी वाचून दाखवत नाही.

वसंत ऋतू आला तेव्हा कुदळ-फावड्याने जमीन फोडली. पुरुष रेल्वेच्या कामावर मजुरीला गेले. माळावर पडलेली गव्यांची हाडं गोळा करून विकली. ती खतासाठी कारखान्यात जायची.

दहा वर्षांत उभं राहिलेलं गाव

आणि मग गाव खरंच उभं राहिलं! झेड. टी. फ्लेचर पहिला पोस्टमास्तर झाला, पुढे त्याने सेंट फ्रान्सिस हॉटेल काढलं. त्याची बायको जेनी फ्लेचर गावातली पहिली शिक्षिका. चर्च झाली. १८८० चं दशक अर्ध्याच्या पुढे गेलं तेव्हा दुकानं, हॉटेलं आणि चक्क दोन वर्तमानपत्रं होती: ‘वेस्टर्न सायक्लोन’ आणि ‘निकोडेमस एंटरप्राइझ’. एका एवढ्याशा गावात दोन पेपर म्हणजे भांडायला विषय भरपूर होते, हे नक्की.

याच गावातून एडवर्ड मॅकेब नावाचा तरुण राजकारणात गेला आणि १८८२ मध्ये कॅन्सस राज्याचा ऑडिटर म्हणून निवडून आला. राज्याच्या तिजोरीचा हिशोब तपासणारं हे पद. त्या काळात पश्चिमेकडच्या राज्यात कृष्णवर्णीय माणसाने एवढ्या मोठ्या पदावर निवडून येणं ही प्रचंड मोठी गोष्ट होती. पुढे याच मॅकेबने ओक्लाहोमात लँग्स्टन हे गाव वसवायला पुढाकार घेतला.

रेल्वेचा डाव

आता गोष्टीचा कणा. त्या काळी मैदानी भागात गाव जगणार की मरणार, हे रेल्वे ठरवायची. गव्हाचं पोतं बैलगाडीने पन्नास किलोमीटर न्यायचं तर नफा वाटेतच संपतो. स्टेशन गावात असेल तर व्यापारी येतात, बँक येते, बाजार भरतो. हे रेल्वे कंपन्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या गावागावांना म्हणायच्या, आमची लाइन हवीय ना? मग पैसे उभे करा. गावकरी कर्जरोखे काढायला मंजुरी द्यायचे, म्हणजे पुढची कित्येक वर्षं आपल्या करातून ते फेडायचे.

निकोडेमसनेही तेच केलं. १८८७ मध्ये मतदान घेऊन मिसूरी पॅसिफिक कंपनीसाठी १६,००० डॉलर्सचे रोखे मंजूर केले. दहा वर्षांपूर्वी जमिनीत राहणाऱ्या लोकांनी! पण मिसूरी पॅसिफिक आलीच नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकने लाइन टाकली, ती नदीच्या पलीकडून, काही मैलांवरून. तिथे कामगारांचा तळ पडला आणि त्याचंच बोग नावाचं गाव झालं.

पुढचं तुम्हाला अंदाजाने कळेल. आपल्याकडे बायपास झाला की जुन्या रस्त्यावरच्या वडापाववाल्याचं काय होतं? तेच. व्यापाऱ्यांनी दुकानं बोगला हलवली. दोन्ही वर्तमानपत्रं बंद पडली.

इथे एक मुद्दा नीट समजून घेऊया. बऱ्याचदा असं सांगितलं जातं की अशी गावं ‘टिकली नाहीत’, जणू लोकांतच काही कमी होतं. निकोडेमसच्या लोकांनी थंडी सोसली, दुष्काळ सोसला, शाळा काढली, पैसेही मंजूर केले. हरले ते एका नकाशावरच्या रेघेपुढे. ती रेघ ओढताना त्यांचं मत कुणी धरलं नाही.

दुकानं गेली, शेतकरी राहिले

तरीही गाव संपलं नाही. कारण निकोडेमस म्हणजे बाजारपेठ एवढंच नव्हतं. आजूबाजूची शेतं लोकांच्या नावावर होती. दुकान उचलून नेता येतं, १६० एकर कसं उचलणार? शेतकरी राहिले, त्यांची चर्च राहिली, शाळा राहिली.

मोठा तडाखा बसला १९३० च्या दशकात. जागतिक मंदी आणि त्यात ‘डस्ट बोल’. माळरानावरचं मूळचं गवत नांगरून टाकलं होतं. पाऊस रुसला तशी ती उघडी माती वाऱ्याबरोबर उडाली. धुळीची वादळं, करपलेली पिकं, बुडालेलं कर्ज. कुटुंबं शहरांकडे निघाली. १९५३ मध्ये पोस्ट ऑफिस बंद झालं, १९६० मध्ये शाळा.

याच पडत्या काळात इथला शेतकऱ्याचा एक मुलगा, व्हेरिल स्विट्झर, अमेरिकन फुटबॉल खेळत कॅन्सस स्टेट विद्यापीठात पोचला आणि १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्सने त्याला अख्ख्या देशातून चौथ्या क्रमांकावर निवडलं.

जुलैचा शेवटचा वीकेंड

मग आज उरलंय काय? पाच जुन्या वास्तू: टाउनशिप हॉल, दोन चर्च, सेंट फ्रान्सिस हॉटेल आणि शाळा. १९९६ मध्ये त्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. पण तो आकाशातून पडला नाही. गावकऱ्यांनी आणि बाहेर गेलेल्या वंशजांनी वर्षानुवर्षं कागद, फोटो, आठवणी गोळा केल्या, पाठपुरावा केला, तेव्हा मिळाला.

आणि दरवर्षी जुलैच्या शेवटच्या वीकेंडला इथे ‘होमकमिंग’ होतं. ब्रिटिशांच्या वेस्ट इंडिज बेटांवरची गुलामगिरी संपवणारा कायदा १ ऑगस्ट १८३४ ला लागू झाला. त्या दिवसाच्या आसपास पूर्वी इथे मुक्तिदिनाचा सोहळा व्हायचा, त्याचंच हे आजचं रूप. डेन्व्हर, कॅन्सस सिटी, कॅलिफोर्निया, कुठून कुठून वंशज येतात. मिरवणूक, जेवणावळी, चर्चमधली प्रार्थना, आणि म्हाताऱ्यांकडून पोरांना सांगितलेल्या गोष्टी. जत्रेला मुंबई-पुण्याचे चाकरमानी गावी येतात ना, अगदी तसंच समजा. चौदा माणसांच्या गावात त्या दोन-तीन दिवसांत शेकडो माणसं दिसतात.

म्हणून मला वाटतं, निकोडेमसची लोकसंख्या विचारली तर दोन उत्तरं द्यायला हवीत. एक जनगणनेचं. आणि दुसरं, जुलैमध्ये गाडीत सामान भरून जे ‘घरी निघालोय’ म्हणतात त्यांचं. त्यातल्या अनेकांचा तर जन्मही तिथे झालेला नाही. पण त्यांच्या पणजोबांनी तिथे जमीन फोडली होती, आणि ती गोष्ट त्यांना पाठ आहे.

तर मंडळी, आजच्यासाठी एवढंच. तुमच्या गावातून कोण आधी आलं, का आलं, रस्ता किंवा धरण किंवा रेल्वे आल्यावर काय बदललं, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. पाच मिनिटं पुरे. निकोडेमस आज नकाशावर आहे, ते अशाच जपलेल्या आठवणींमुळे. भेटूया पुढच्या भागात!