नांदूर मधमेश्वर येथील पक्षिपर्यटन

महाराष्ट्र राज्याच्या नासिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, नासिकच्या पूर्वेस सु. ४० किमी. अंतरावर, गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमाजवळील पाणथळ प्रदेशात विकसित झालेले निसर्गपर्यटन. पर्यटनाचा लाभ स्थानिकांना मिळावा आणि पर्यटक ज्या निसर्गासाठी येतो त्याची हानी होऊ नये, हे जबाबदार पर्यटनाचे तत्त्व २००२ च्या केपटाउन घोषणापत्रात मांडले गेले. येथे मात्र त्याची खरी कसोटी पर्यटकांच्या वर्तनापेक्षा पाण्याच्या नियोजनात लागते.

येथील जलाशय नैसर्गिक नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सिंचनासाठी बंधारा बांधण्यात आला. प्रवाह मंदावून गाळ साचत गेला, साठवणक्षमता घटली आणि उथळ पाणी, चिखलाचे पट्टे, बेटे व पाणवनस्पती यांची सरमिसळ निर्माण झाली. सिंचनाच्या दृष्टीने हे नुकसानच. पक्ष्यांना मात्र तेच पोषक ठरले. शेकाट्या व तुतवार चिखलाच्या कडेला, चमचा व चित्रबलाक गुडघाभर पाण्यात, तर बदके व वारकरी त्यापुढील पाण्यात चरतात. पातळी वीतभर वाढली, तरी चिखलावर जगणाऱ्या पक्ष्यांना जागा उरत नाही.

या क्षेत्रास १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला (क्षेत्रफळ सु. १०० चौ. किमी.). त्यात गावे, ऊस व द्राक्षे यांची शेतीही येते. २०१९ मध्ये रामसर यादीत समाविष्ट झालेले महाराष्ट्रातील हे पहिले पाणथळ क्षेत्र १,४३७ हे., म्हणजे अभयारण्याच्या सु. एक सप्तमांशाइतके आहे.

पर्यटनाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चापडगाव येथे निरीक्षण मनोरे असून स्थानिक तरुण मार्गदर्शकाचे काम करतात. शहर जवळ असल्याने बहुतेक पर्यटक सकाळी येऊन दुपारी परततात. त्यामुळे गावात राहणारे उत्पन्न बेताचेच. छायाचित्रासाठी थवे उठविणे ही किरकोळ खोडी नव्हे, कारण परतीच्या स्थलांतरासाठी साठविलेली शक्ती त्यात खर्ची पडते.

पक्षी वन विभागाच्या अखत्यारीत, तर पाणी जलसंपदा विभागाच्या, अशी येथील विभागणी आहे. बंधाऱ्यातून निघणाऱ्या गोदावरी कालव्यांवर अहिल्यानगर जिल्ह्यातील कोपरगाव व राहाता तालुक्यांतील शेती अवलंबून असून, गंगापूर व दारणा धरणांतून जायकवाडीसाठी सोडलेले पाणीही येथूनच जाते. नासिकच्या सांडपाण्यातील पोषकद्रव्यांमुळे जलपर्णी (स्थानिक नाव पानवेली) फोफावते व पक्ष्यांचे खुले पाणी व्यापते.

‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हे या स्थळाचे वर्णन आणखी एका अर्थाने सार्थ आहे. राजस्थानातील केवलादेव (भरतपूर) हेही मानवनिर्मित पाणथळ असून तेथे सायकलरिक्षाचालकांनाच पक्ष्यांचे मार्गदर्शक बनविण्यात आले. असे असूनही २००४ मध्ये शेतकऱ्यांच्या विरोधामुळे पांचना धरणातून पाणी सुटले नाही आणि त्या हंगामात पक्षी फारच थोडे उतरले.