बाजार समिती, कृषी उत्पन्न

बाजार समिती, कृषी उत्पन्न : शेतमालाच्या खरेदी-विक्रीवर देखरेख ठेवण्यासाठी कायद्यान्वये स्थापन झालेली स्थानिक संस्था. ही संस्था सर्वसाधारणपणे स्वतः माल विकत घेत नाही व विकतही नाही. सौद्याची जागा व रीत ठरविणे, मापावर लक्ष ठेवणे, विक्रेत्यास त्याची रक्कम वेळेवर मिळेल हे पाहणे आणि तंट्यांचा निवाडा करणे, ही तिची मुख्य कामे होत. तिचे यश इमारतींवर किंवा उलाढालीवर अवलंबून नसून, परस्परविरोधी हितसंबंध असलेल्या घटकांमध्ये तिचा कारभार किती निःपक्षपाती राहतो, यावर अवलंबून असते. भारतातील नियंत्रित बाजारपेठांचा आरंभ १८८६ मध्ये वऱ्हाडातील कारंजा (लाड) येथील कापूस बाजारापासून झाला, असे मानतात. हे गाव सध्या वाशिम जिल्ह्यात आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : १८५३ च्या तहानुसार निजामाने वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनाकडे सोपविला. त्यामुळे या प्रांताचा कारभार हैदराबाद येथील रेसिडेंटच्या अखत्यारीत आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) लँकेशरच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापसास एकाएकी मोठी मागणी आली. १८६७ मध्ये लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोहोचल्यावर ही मागणी टिकून राहिली. कारंजा मुख्य लोहमार्गापासून दूर होते. तरीही आसमंतातील कापसाची पेठ म्हणून ते पूर्वीपासून प्रसिद्ध होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मूर्तिजापूर–यवतमाळ या अरुंदमापी लोहमार्गाने ते मुख्य मार्गास जोडले गेले. या मार्गावरील वाहतूक आता बंद आहे.

तत्कालीन बाजारांत अनेक गैरप्रथा रूढ होत्या. खरेदीदार व दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत आणि माल ज्याचा तो शेतकरी त्याबाबत अंधारात राही. वजने प्रमाणित नसत. ओलावा, कचरा व नमुना या नावांखाली मापात कडता धरला जाई; धर्मादायाच्या नावाने रक्कम कापली जाई. उलट बाजूने कापसात पाणी व सरकी मिसळून वजन वाढविण्याचे प्रकारही होत. १८८६ मध्ये रेसिडेंटच्या आदेशाने कारंजाच्या बाजारास नियम लागू झाले. गिरण्यांना शुद्ध कापूस वाजवी भावात मिळावा, हा त्यामागील प्रमुख हेतू होता. शेतकऱ्याचे हित हा दुय्यम परिणाम होता. नियमनाचा जन्म खरेदीदाराच्या गरजेतून झाला, ही बाब या संस्थेचा पुढील इतिहास समजण्यासाठी महत्त्वाची आहे.

१८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने ही पद्धत प्रांतातील इतर पेठांना लागू केली. मान्यताप्राप्त बाजार, अनुज्ञप्तिधारक दलाल व मापारी, ठरीव दस्तुरी आणि देखरेखीसाठी समिती ही त्याची मुख्य अंगे होती. तथापि समितीवर व्यापाऱ्यांचे वर्चस्व राहिले व उत्पादकांना प्रतिनिधित्व नव्हते. १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्याने उत्पादकांच्या प्रतिनिधित्वाचे तत्त्व स्वीकारले. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांचा देशभर विस्तार करण्याची शिफारस केली. पण वऱ्हाडच्या पद्धतीतील उपर्युक्त उणिवेवरही बोट ठेवले. मध्य प्रांतात १९३२ साली कापूस बाजारांसाठी व १९३५ साली इतर शेतमालासाठी कायदे झाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर विभागवार कायद्यांच्या जागी महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (विनियमन) अधिनियम, १९६३ हा एकच कायदा आला. तो १९६७ पासून अमलात आला.

रचना : २०२३ च्या निवडणुकांच्या वेळी राज्यातील बाजार समितीवर सामान्यतः अठरा संचालक निवडून दिले गेले. त्यांपैकी अकरा सेवा सहकारी संस्थांच्या मतदारसंघातून, चार ग्रामपंचायतींच्या मतदारसंघातून, दोन व्यापारी व आडते यांच्यामधून आणि एक हमाल व मापारी यांच्यामधून होता. आकड्यांनी पाहता शेतकरी प्रतिनिधींचे बहुमत स्पष्ट आहे. परंतु या पद्धतीत बाजारात माल आणणारा सामान्य शेतकरी स्वतः मतदार नसतो. त्याच्या वतीने सहकारी संस्थांच्या व्यवस्थापन समित्यांचे व ग्रामपंचायतींचे सदस्य मत देतात. २०१७ मध्ये दहा गुंठे वा अधिक जमीन धारण करणाऱ्या शेतकऱ्यांस काही अटींवर थेट मताधिकार देण्यात आला होता. निवडणुकीचा खर्च समित्यांना पेलत नाही, या कारणास्तव २०२० मध्ये तो रद्द करून पूर्वीची पद्धत पुन्हा आणण्यात आली. ज्याच्यासाठी संस्था आहे त्यालाच तिचे उत्तरदायित्व कितपत असावे, हा १८९७ पासूनचा प्रश्न अशा रीतीने निराळ्या रूपात कायम राहिला आहे.

कार्यपद्धती : आवारात माल आल्यावर त्याची नोंद होते. नंतर हर्रासाने, म्हणजे उघड बोली लावून, भाव ठरतो. अनुज्ञप्तिधारक मापारी माल तोलतो आणि काटापट्टी व हिशेबपट्टी तयार होते. मापानंतर सर्वसाधारणपणे चोवीस तासांच्या आत विक्रेत्यास रक्कम मिळावी, अशी अपेक्षा असते. समिती खरेदीदाराकडून मालाच्या किमतीच्या सुमारे एक टक्का बाजार शुल्क घेते. हेच तिच्या उत्पन्नाचे प्रमुख साधन होय. या साखळीतील प्रत्येक कागद हा कारभाराचा पुरावा असतो. भाव हर्रासात ठरला, पण काटापट्टीवर वेगळा लिहिला गेला किंवा मालाचे माप आवाराबाहेर झाले, तर पुढील सर्व नियम निरर्थक ठरतात. वीस क्विंटल सोयाबीनवर क्विंटलमागे एक किलोग्रॅम कडता धरल्यास २०२४-२५ च्या ४,८९२ रु. या हमीभावाने शेतकऱ्याचे सुमारे ९७८ रुपये जातात. रक्कम लहान दिसते. म्हणूनच तिच्याविषयी तक्रार क्वचित होते आणि प्रथा टिकून राहते.

जोखीम : बाजारातील जोखीम चार प्रकारची असते. भाव पडण्याची जोखीम, मालाच्या प्रतीविषयी वाद होण्याची, रक्कम बुडण्याची आणि विक्रीस विलंब होऊन माल भिजण्याची वा खराब होण्याची. ती टाळण्याचे साधन ज्याच्याजवळ सर्वांत कमी असते, तो शेतकरीच बहुधा ती वाहतो. कारभाराचे कौशल्य जोखीम नाहीशी करण्यात नसून, ती पेलू शकणाऱ्या घटकाकडे नेण्यात आहे. रक्कम बुडू नये म्हणून खरेदीदाराकडून तारण वा बँकेची हमी घेणे, प्रतीचा वाद मिटविण्यासाठी आर्द्रतामापक यंत्र ठेवणे, माल भिजू नये म्हणून झाकलेले ओटे बांधणे, हे त्याचे साधे उपाय होत. भावाच्या जोखमीसाठी महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाने (स्थापना १९८४) १९९०-९१ पासून शेतमाल तारण कर्ज योजना राबविली. तीत सोयाबीन, तूर यांसारखा माल समितीच्या गुदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. त्यामुळे सुगीच्या घाईत माल विकण्याची सक्ती कमी होते.

जोखीम एका हाती सोपविण्याचे परिणाम एकाधिकार कापूस खरेदी योजनेत दिसून आले. १९७१ च्या कायद्यानुसार १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची खरेदी शासनाच्या वतीने होऊ लागली आणि भावाची जोखीम शेतकऱ्याकडून राज्याकडे गेली. तेजीच्या हंगामातील शिलकेतून भाव चढउतार निधी उभारून मंदीत तो वापरावा, अशी योजना होती. मात्र बाजारभावापेक्षा चढ्या हमीमुळे तोटा साचत गेला आणि २००२ नंतर खाजगी खरेदीस वाट मोकळी झाली. भावनिश्चितीचा निर्णय एकाचा आणि तोट्याचा भार दुसऱ्याचा, अशी विभागणी झाल्यास संस्था सद्‌हेतूनेही डबघाईस येऊ शकते, हा या प्रयोगाचा धडा होय.

नियंत्रणाच्या मर्यादाही लक्षात घेणे आवश्यक आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये हमीभावापेक्षा कमी दराने खरेदी करणाऱ्यास कैद व दंडाची शिक्षा देण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला, तेव्हा व्यापाऱ्यांनी अनेक बाजारांत खरेदीच थांबविली आणि शासनास माघार घ्यावी लागली. समितीचे उत्पन्न उलाढालीवर अवलंबून असल्याने कठोर शिस्त लावणे म्हणजे स्वतःचेच शुल्क गमावणे, असा पेच तिच्यापुढे नेहमी असतो. २०२० च्या केंद्रीय कायद्याने आवाराबाहेरील व्यापार शुल्कमुक्त करण्याचे ठरविले, तेव्हा हा पेच अधिक तीव्र झाला. तो कायदा २०२१ मध्ये मागे घेण्यात आला.

पर्यवेक्षण व कार्यमापन : जिल्हा पातळीवर सहकारी संस्थांचे जिल्हा उपनिबंधक आणि राज्य पातळीवर पुणे येथील पणन संचालक समित्यांवर देखरेख ठेवतात. लेखापरीक्षण, चौकशी आणि गंभीर गैरकारभार आढळल्यास समिती बरखास्त करून प्रशासक नेमणे, हे अधिकार कायद्याने दिले आहेत. प्रशासकामुळे गैरप्रकार थांबू शकतात. पण तो दीर्घकाळ राहिल्यास प्रतिनिधित्वाचे तत्त्वच स्थगित होते.

समित्यांच्या कामाची तुलना व्हावी म्हणून २०२१-२२ या वर्षापासून राज्यात त्यांची वार्षिक क्रमवारी लावण्यात येऊ लागली. त्यासाठी ३५ निकष व २०० गुण ठरविण्यात आले : पायाभूत व इतर सुविधांचे १४ निकष (८० गुण), आर्थिक कामकाजाचे ७ (३५ गुण), वैधानिक कामकाजाचे ११ (५५ गुण) आणि योजना, उपक्रम इत्यादींचे ३ (३० गुण). अशा मापनामुळे दप्तर नीट ठेवण्याची सवय लागते आणि मागे पडलेल्या समित्यांना उणिवा कळतात. तथापि सुविधा मोजणे सोपे व न्याय मोजणे कठीण असल्याने मापनाचा कल स्वाभाविकपणेच सुविधांकडे झुकतो. ओटा बांधला हे दिसते. त्या ओट्यावर बोली खुलेपणाने झाली की नाही, हे दिसत नाही.

वाशिम जिल्हा : १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. त्यात वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा असे सहा तालुके आहेत. गेल्या तीन दशकांत येथील कापसाची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली असून तूर हे त्याचे जोडपीक आहे. सोयाबीनमुळे बाजाराचे स्वरूप पालटले : पीक एकाच वेळी काढणीस येते, परतीच्या पावसात भिजते आणि भाव आर्द्रतेवर ठरतो. २०२४ च्या हंगामात बाजारभाव हमीभावाखाली राहिल्याने आधारभूत खरेदीतील आर्द्रतेची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली. कापसाच्या काळात जे स्थान तराजूस होते, ते आता आर्द्रतामापकास आले आहे. ते यंत्र कोणाच्या हाती आहे व त्याची तपासणी कोण करतो, हा कारभाराचा प्रश्न झाला आहे.

२०१८ मध्ये केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली व उस्मानाबाद (धाराशिव) यांबरोबर वाशिमची निवड झाली. आरोग्य, शिक्षण, कृषी, वित्तीय समावेशन व पायाभूत सोयी या क्षेत्रांतील ४९ निर्देशकांवर जिल्ह्याची प्रगती मोजली जाऊ लागली. त्यांत १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या इलेक्ट्रॉनिक राष्ट्रीय कृषी बाजाराशी जोडलेल्या बाजारांची संख्या हाही एक निर्देशक होता. जोडणी हे साधन आहे. दूरचा खरेदीदार प्रत्यक्ष बोली लावतो का, प्रतवारीवर त्याचा विश्वास बसतो का आणि रक्कम थेट खात्यात जमा होते का, यांवरून तिचे खरे मोल ठरते.

मूल्यमापन : नियमनामुळे उघड बोली, प्रमाणित वजन व लेखी हिशेब या गोष्टी रूढ झाल्या आणि रुमालाखालचे सौदे बव्हंशी मागे पडले, हे या संस्थेचे निःसंशय श्रेय आहे. मात्र अनुज्ञप्तिधारक खरेदीदारांची संख्या मर्यादित राहिल्यास उघड बोलीही नाममात्र होऊ शकते. आवारातील खरेदीदारांची संख्या, माल येण्यापासून रक्कम मिळेपर्यंत लागलेला वेळ, मापातील तक्रारी व त्यांचा निकाल, आणि एकाच दिवशी एकाच प्रतीच्या मालास मिळालेल्या भावांतील अंतर, या चार नोंदी ज्या समितीकडे नियमित ठेवल्या व जाहीर केल्या जातात, तिच्या कारभाराची पारख सामान्य शेतकऱ्यासही करता येते. कारंजा येथे सुरू झालेल्या प्रयोगाचे प्रयोजन त्या काळी खरेदीदाराची खात्री पटविणे हे होते. विक्रेत्याचीही तेवढीच खात्री पटणे, ही त्याची स्वाभाविक परिणती होय.