जखमी पक्षी : घरी आलेली ठेव

मकरसंक्रांतीच्या सुमारास गच्चीवर, गॅलरीत किंवा दुकानाच्या पायरीवर मांज्याने पंख चिरलेला पारवा अनेकांना आढळतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांज्यावर देशभर बंदी घातली. तरीही तो विकला जातो आणि झाडांवर, तारांवर सण सरल्यावरही अडकून राहतो. जीवदयेचे संस्कार असलेल्या घरांतून अशा पक्ष्याकडे कोणी पाठ फिरवीत नाही. परंतु दयेला माहितीची जोड नसेल, तर आपल्याच हातून त्या जीवाला पीडा होते.

पहिला उपचार म्हणजे अंधार आणि शांतता. पक्ष्यावर मऊ सुती कापड टाकून त्याला अलगद उचलावे व भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावे. जखमेइतकेच भयही त्याचे प्राण घेऊ शकते. म्हणून वारंवार झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा. काचेवर आपटून सुन्न झालेले पक्षी पुष्कळदा एवढ्यानेच तासा-दोन तासांत सावरतात.

चोचीत पाणी ओतू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असल्याने ते पाणी फुप्फुसात उतरू शकते. दूधही देऊ नये. पक्ष्यांना ते पचत नाही. रुतलेला मांजा ओढू नये. लोंबणारी टोके कात्रीने कापून उरलेले काम पशुवैद्यांवर सोपवावे. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापड हलकेच दाबून धरावे. छातीभोवती मात्र पट्टी आवळू नये. छाती हलली तरच पक्ष्याचा श्वास चालतो. शेवटी आपले हात साबणाने धुवावेत.

खरा पेच घार किंवा घुबड घरी आल्यावर पडतो. त्यांचा आहार मांसाचा आणि तो आपल्या घरात येणे शक्य नाही. मग कोणी दहीभात, कोणी पनीर पुढे ठेवतो व पक्षी शिवत नाही म्हणून हळहळतो. अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत अन्नपाननिरोध सांगितला आहे. ज्या जीवाला त्याचे अन्न आपण देऊ शकत नाही, त्याला प्रेमापोटी अडकवून ठेवणे याहून निराळे नाही. दिल्लीत चांदणी चौकातील लाल मंदिराच्या आवारात जैन समाजाने चालविलेले पक्ष्यांचे रुग्णालय आहे. तेथे शिकारी पक्ष्यांवरही उपचार होतात, परंतु त्यांना मुक्कामी ठेवून घेत नाहीत. आपणही हाच विवेक पाळावा. पक्षी खोक्यात सुरक्षित ठेवून महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

त्याच अतिचारांत बंधही आहे. जखमी पोपट बरा होतो, मुलांना त्याचा लळा लागतो आणि खोक्याच्या जागी पिंजरा येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडील पोपट पाळणे हा गुन्हा आहे. व्रताच्या दृष्टीने तो बंध होय. बँकेतील नोकरीत एक गोष्ट अंगी मुरली : ठेव खातेदाराची असते, बँक ती केवळ सांभाळते. आपण व्यापारी मंडळी दुसऱ्याची अनामत आपल्या मालमत्तेत धरीत नाही. पक्ष्याच्या बाबतीतही हिशेब तोच ठेवावा.

आमच्या सोसायटीत एका घरी, पशुवैद्यांनी पंखाला टाके घातलेला पारवा त्यांच्याच सल्ल्याने बारा दिवस होता. तो स्वतः दाणे टिपू लागला, खोलीत सरळ उडू लागला. तेव्हा नातवंडे नको नको म्हणत असतानाही आजींनी त्याला गच्चीवर नेले. सोडण्याची वेळ सकाळची असावी, आकाश निरभ्र असावे आणि जागा शक्यतो तो सापडला तिथलीच असावी. म्हणजे त्याला आपला थवा व दाणापाणी ओळखीचे मिळते.