तळाच्या ओळीत काय लिहिलंय?

विम नावाचा एक टेक्स्ट एडिटर आहे. लिनक्सच्या किंवा मॅकच्या टर्मिनलमध्ये काम करणाऱ्याची त्याच्याशी कधी ना कधी गाठ पडतेच, आणि बहुतेक वेळा ती न ठरवता पडते. दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रॅमने तो उघडून समोर ठेवलेला असतो. पडद्यावर मेनू नाही, बटण नाही, वर उजवीकडे फुलीही नाही. बाहेर पडायचं म्हणून माणूस सरळ मनाने इंग्रजी 'क्विट' टाइप करतो. क्यू, यू, आय, टी. मजकुरात उमटतो तो एकटा टी. खाली डाव्या कोपऱ्यात मात्र एक ओळ येते : 'इन्सर्ट, रेकॉर्डिंग ॲट यू'.

आता काय रेकॉर्ड होतंय? कोण करतंय? माणूस दचकतो.

खरं तर विमने सांगितलेलं सगळं इमानेइतबारे केलेलं असतं. विममध्ये आपण आधी आज्ञा देण्याच्या अवस्थेत असतो, त्यामुळे प्रत्येक अक्षर म्हणजे एक आज्ञा. क्यू म्हणजे 'यापुढे दाबलेल्या कळा लक्षात ठेव', यू हे त्या कळा साठवायच्या कप्प्याचं नाव, आय म्हणजे 'आता लिहू दे'. उरलेला टी मजकुरात जातो. 'एक्झिट' लिहून पाहिलं तर आणखी गंमत. त्यातला एक्स मजकुरातलं एक अक्षर खातो आणि शेवटी पुन्हा टी उमटतो. तळाच्या ओळीत आलेला अहवाल शब्दन् शब्द खरा असतो. वाचणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नसतो, एवढंच.

एडिटरच्या तळाशी येणारे हे निरोप असे कोड्यात का बोलतात, याचं कारण शोधायला पन्नासेक वर्षं मागे जावं लागतं.

सेकंदाला दहा अक्षरं

१९६९च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्ससाठी 'ईडी' हा एडिटर लिहिला. तेव्हा पडदा नव्हता. समोर टेलिटाइप असायचा, म्हणजे तारेने संगणकाला जोडलेला, कागदावर खडखडाट करत छापणारा टाइपरायटर. मॉडेल ३३ हा त्यातला गाजलेला टेलिटाइप सेकंदाला दहा अक्षरं छापायचा. पन्नास अक्षरांचा निरोप द्यायचा तर पाच सेकंद हात बांधून बसणं आलं. म्हणून ईडीने सगळ्या चुकांसाठी मिळून एकच निरोप ठरवला : प्रश्नचिन्ह. आज्ञा चुकली, प्रश्नचिन्ह. फाइल सापडली नाही, प्रश्नचिन्ह. मजकूर न साठवता बाहेर निघालात, तरी प्रश्नचिन्ह. काय चुकलं ते विचारण्याची सोय पुढे आली, पण पहिलं उत्तर आजही तेच आहे.

यावरून थॉम्पसन यांच्या गाडीचा एक विनोद युनिक्सवाल्यांमध्ये फिरतो. त्यांच्या गाडीत म्हणे वेगाचा काटा नाही, पेट्रोलचा नाही. काही बिघडलं की समोर एक मोठं प्रश्नचिन्ह पेटतं. मुरलेल्या चालकाला काय बिघडलंय ते कळतंच!

पडदा आला तरी काटकसर संपली नाही. विमचा पूर्वज 'व्हीआय' हा बिल जॉय यांनी १९७६मध्ये बर्कली विद्यापीठात असताना लिहिला. घरच्या मोडेममधून सेकंदाला जेमतेम तीस अक्षरं यायची. चोवीस ओळी आणि ऐंशी रकाने, म्हणजे १,९२० अक्षरांचा अख्खा पडदा रंगवायचा तर चौसष्ट सेकंद. अशा वेळी सूचना कोण वाढवणार? आपण आज्ञेच्या अवस्थेत आहोत की लेखनाच्या, हेही व्हीआय आपणहून सांगत नसे. त्यासाठी वेगळी सोय सुरू करावी लागे.

एकच कळ कधी आज्ञा आणि कधी अक्षर, या प्रकाराचा लॅरी टेस्लर यांना मनस्वी राग होता. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात त्यांनी १९७०च्या दशकात 'जिप्सी' हा एडिटर घडवला. कट, कॉपी, पेस्ट ही आज सगळ्यांच्या बोटांत बसलेली त्रयी त्यांच्याच कामातून आली. त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवर 'नोमोड्स' अशी अक्षरं होती. अवस्थाच नकोत, म्हणजे 'मी कुठल्या अवस्थेत आहे' हा प्रश्न नको आणि त्याचं उत्तर देणारी तळाची ओळही नको, असं त्यांचं साधं म्हणणं.

लिहिलं, तरी 'लिहिलं नाही'

विम ब्राम मोलेनार या डच प्रोग्रॅमरने १९९१मध्ये प्रसिद्ध केला आणि २०२३मध्ये निधन होईपर्यंत सांभाळला. उघडल्या उघडल्या युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा असं आवाहन करणारा हा बहुधा एकमेव एडिटर असेल. इतक्या मायेच्या माणसाच्या एडिटरमध्येही व्हीआयच्या घराण्याची तुटक बोली उतरलीच.

तासभर मजकूर लिहा आणि बाहेर पडण्याची आज्ञा द्या. विम अडवतो : 'ई३७, नो राइट सिन्स लास्ट चेंज', आणि पुढे कंसात 'जबरदस्ती करायची तर उद्गारचिन्ह जोडा' अशा अर्थाची पुस्ती. नवखा चक्रावतो. मी तासभर लिहितोय आणि हा म्हणतो, राइट झालेलंच नाही! घोळ 'राइट' या एका शब्दात आहे. माणसाच्या लेखी राइट म्हणजे लिहिणं, यंत्राच्या लेखी डिस्कवर उतरवणं. आपल्याकडच्या पेढीवर दिवसभराचे व्यवहार आधी कच्च्या खर्ड्यात टिपायचे आणि मग कीर्दीत चढवायचे. एडिटरमध्ये आपण लिहितो तो खर्डा, फाइल म्हणजे कीर्द. 'खर्ड्यातले बदल अजून कीर्दीत चढवलेले नाहीत' एवढंच विमला म्हणायचं असतं. पण खर्डा आणि कीर्द वेगळे आहेत हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला तो निरोप कळायचा कसा?

दुसरा जुना एडिटर ईमॅक्स. त्याची तऱ्हा निराळी. मध्येच एखादी आज्ञा सोडून दिली की तळाशी 'क्विट' असं झळकतं. नवख्याला वाटतं, ईमॅक्स बंद झाला. बंद काहीच झालेलं नसतं, अर्धवट आज्ञा तेवढी रद्द झालेली असते. त्याच्याच तळपट्टीत दोन फुल्या दिसल्या तर मजकूर बदललाय पण साठवलेला नाही, आणि दोन टक्केचिन्हं दिसली तर फाइल फक्त वाचण्यापुरती आहे. यात टक्केवारीचा संबंध कुठून आला, हे विचारू नये.

कधी याच्या उलट, निरोप इतका लांबतो की तोच भीती घालतो. वीज जाऊन संगणक बंद पडला आणि नंतर तीच फाइल विममध्ये उघडली, तर पडदाभर मजकूर येतो. वर ठळक 'अटेन्शन', पुढे स्वॅप फाइल सापडल्याची वर्दी आणि शेवटी एकेका अक्षराचे पाच-सहा पर्याय. काहीतरी भयंकर घडलंय असं वाटून कित्येक जण घाईने 'डिलीट' निवडतात. वास्तविक ती वर्दी शुभवर्तमान असू शकते. दर दोनशे अक्षरांनंतर, किंवा हात चार सेकंद थांबला की, विम खर्ड्याची एक प्रत गुपचूप डिस्कवर ठेवत असतो. वीज गेली तरी ती प्रत, म्हणजेच स्वॅप फाइल, वाचते. 'तुमचं न साठवलेलं लेखन परत मिळू शकेल' हे वाक्य त्या पडद्यावर सर्वांत आधी हवं होतं. फाइल दुसऱ्या खिडकीत उघडी आहे का, हा प्रश्न त्याच्यामागून आला असता तरी चाललं असतं.

अक्षर एक, आकडा एकोणीस

मराठी लिहिणाऱ्याच्या वाट्याला यात एक खास गोंधळ येतो. विममध्ये फक्त 'स्त्री' हा एक शब्द लिहा आणि फाइल साठवा. जुन्या आवृत्त्या तळाशी सांगायच्या : एक एल, एकोणीस सी. एल म्हणजे ओळी, सी म्हणजे कॅरेक्टर, अर्थात अक्षरं. दिसणारं अक्षर एक आणि यंत्र मोजतंय एकोणीस!

हिशेब असा. युनिकोडमध्ये 'स्त्री' एका तुकड्यात नसते. स, हलन्त, त, पुन्हा हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे तिचे सहा घटक. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात, म्हणून अठरा. ओळ संपल्याची खूण एक बाइट. झाले एकोणीस. विम मोजत होता बाइट आणि म्हणत होता अक्षरं. इंग्रजीच्या साध्या मजकुरात दोन्ही आकडे सारखेच येतात, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं कुणाला फारशी खुपली नाही. पुढे सीच्या जागी बी आला, बाइटचा. एक अक्षर बदललं आणि निरोप खरा झाला.

विंडोजच्या नोटपॅडची तळपट्टी पाहा. तिथे 'सीआरएलएफ' असं काहीतरी असतं. हा टेलिटाइपचाच वारसा. सीआर म्हणजे छापणारा गाडा डावीकडे नेणं, एलएफ म्हणजे कागद एक ओळ वर सरकवणं. गोदरेजच्या टाइपरायटरवर बोटं चालवलेल्यांना आठवेल, तिथे एकाच दांड्याने ही दोन्ही कामं व्हायची. विंडोजने ओळीच्या शेवटी दोन्ही खुणा ठेवल्या, युनिक्सने एकच. नोटपॅडला युनिक्सची खूण २०१८पर्यंत समजतच नव्हती, त्यामुळे तिकडून आलेली फाइल एकाच लांबलचक ओळीत उघडायची.

त्याच पट्टीत मराठी माणसाच्या कामाचा शब्द असतो : 'यूटीएफ-८' किंवा 'एएनएसआय'. या दुसऱ्या पद्धतीत देवनागरीला जागाच नाही. मराठी मजकूर तिच्यात साठवायला गेलं की नोटपॅड विचारायचा, फाइलमध्ये 'युनिकोड स्वरूपातली कॅरेक्टर्स' आहेत, ती जातील, पुढे जायचं का? आपण युनिकोडमध्ये लिहितोय हेच ज्याला माहीत नाही, तो सवयीने 'ओके' दाबायचा. फाइल पुन्हा उघडली की मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. ईडीच्या प्रश्नचिन्हाने निदान मजकुराला हात लावला नव्हता. 'तुमची सगळी मराठी अक्षरं पुसली जातील' असं सरळ विचारलं असतं, तर 'ओके' कुणी दाबलं असतं? २०१९पासून नोटपॅड नवी फाइल आपणहून यूटीएफ-८मध्ये साठवतो. ते उत्तम झालं. जो प्रश्न विचारावाच लागत नाही, तो कुणाला कोड्यात टाकत नाही.

चांगल्या निरोपाकडून मागणी फार नाही. काय घडलं, माझं लेखन शाबूत आहे का आणि आता मी काय करू, एवढं त्याने सांगावं. विमने याची सुरुवात केली आहे. सुटण्याच्या धडपडीत कुणी कंट्रोल आणि सी दाबलं, तर बाहेर कसं पडायचं ते आता तळाशी स्पष्ट लिहून येतं. सेकंदाला दहा अक्षरांचा जमाना कधीच संपलाय. शब्दांची काटकसर करायला आता कुठलंच कारण उरलेलं नाही.

आणि वाचकहो, कधी एखाद्या अंकासाठी मजकूर नोटपॅडमधून पाठवणार असाल, तर धाडण्यापूर्वी खाली उजव्या कोपऱ्यात एकदा नजर टाका. तिथे 'यूटीएफ-८' असेल तर तुमची अक्षरं संपादकांपर्यंत अक्षरांसारखीच पोहोचतील.