माठातील पाणी आणि एन्ट्रॉपीचा नियम



गेल्या एप्रिल महिन्यातील गोष्ट. वर्गात उष्णतेचा पाठ चालू होता. उष्णता आपण होऊन ऊन पदार्थाकडून थंड पदार्थाकडेच वाहते, उलट कधीही वाहत नाही, असे आम्ही फळ्यावर लिहिले आणि निवत जाणाऱ्या चहाचे उदाहरण दिले. तोच मागच्या बाकावरील एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, मग आमच्या माठातले पाणी बाहेरच्या हवेपेक्षा थंड कसे होते? चहा हवेइतका निवतो आणि थांबतो. पाणी का थांबत नाही?" तास संपत आला होता. "बाष्पीभवनामुळे," एवढेच सांगून आम्ही वेळ मारून नेली. उत्तर खोटे नव्हते. परंतु तिचे समाधान झाले नाही, हे तिच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होते. त्या प्रश्नाचे ऋण फेडण्याकरिता हा लेख लिहीत आहो.

प्रथम चार नाणी घ्या, ओंजळीत खुळखुळवा आणि जमिनीवर टाका. छापा व काटा मिळून ती एकंदर १६ प्रकारांनी पडू शकतात. चारही छापे पडण्याचा प्रकार एकच आहे. दोन छापे व दोन काटे पडण्याचे प्रकार मात्र ६ आहेत. आता २० नाणी घ्या. एकंदर प्रकार १०,४८,५७६ होतात. त्यांत सर्व छापे पडण्याचा प्रकार पुन्हा एकच. पण दहा छापे व दहा काटे यांचे प्रकार १,८४,७५६! नाण्यांस कोणी आज्ञा केलेली नसते. ज्या स्थितीचे प्रकार पुष्कळ, ती स्थिती वारंवार आढळते. ज्या स्थितीचा प्रकार एकच, ती जवळजवळ कधीच आढळत नाही. सर्व मर्म एवढेच आहे.

बादलीभर पाण्यात निळीचा एक थेंब टाका. थोड्या वेळाने तो सर्व पाण्यात पसरतो आणि मग आयुष्यभर वाट पाहिली तरी पुन्हा थेंबाच्या रूपाने एकत्र येत नाही. निळीच्या कणांना एके ठिकाणी राहण्याचे प्रकार थोडे, पसरून राहण्याचे प्रकार अगणित. उष्णतेचेही असेच आहे. चहातील उष्णता पेल्यात कोंडून राहण्याचे प्रकार थोडे आणि खोलीभर वाटली जाण्याचे प्रकार त्यांहून फारच अधिक. म्हणून चहा निवतो.

बाहेरून दिसणारी एक स्थिती आतील कणांच्या व त्यांच्या ऊर्जेच्या किती प्रकारच्या मांडणीने सिद्ध होऊ शकते, याचे माप म्हणजे एन्ट्रॉपी. रुडॉल्फ क्लॉसियस या जर्मन शास्त्रज्ञाने १८६५ साली, परिवर्तन या अर्थाच्या एका ग्रीक शब्दावरून हे नाव बनविले. पुढे १८७७ साली लुडविग बोल्ट्झमन यांनी तिचा संबंध अशा प्रकारांच्या मोजणीशी जोडून दाखविला. त्यांच्या व्हिएन्ना येथील समाधीवर हेच सूत्र कोरलेले आहे. नियम असा की, बाहेरच्या जगाशी देवघेव नसलेल्या कोणत्याही पदार्थसमूहाची एन्ट्रॉपी आपण होऊन घटत नाही.

येथे आमची एक चूक कबूल केली पाहिजे. पूर्वी आम्ही विस्कटलेल्या दप्तराचे उदाहरण देऊन, एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, असे सांगत असू. ते रूपक म्हणून चालेल; पण वह्या-पुस्तके पाण्याच्या कणांप्रमाणे अखंड हालत नसतात. दप्तर विस्कटते ते त्याच्या धन्याच्या हातून. त्याचा दोष एन्ट्रॉपीवर ढकलू नये!

आता माठाकडे वळू. माठाची माती सच्छिद्र असते. त्या छिद्रांतून पाणी पाझरून बाहेरच्या अंगास येते व तेथे त्याची वाफ होते. जे कण अधिक वेगवान, तेच बहुधा निसटून जातात आणि मंद कण मागे राहतात. म्हणून पाणी थंड होते. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने उतरण्यास त्यातून सुमारे ४.२ ज्यूल उष्णता जावी लागते. पण एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल खर्ची पडतात. याचा अर्थ असा की, दहा लिटर पाण्यातील केवळ शंभर ग्रॅम पाणी उडून गेले आणि बाहेरून उष्णता आत आली नाही, तर उरलेले पाणी सुमारे सहा अंशांनी थंड होईल.

मग नियम मोडला काय? मुळीच नाही. माठातील पाण्याची एन्ट्रॉपी घटली हे खरे. परंतु चमचाभर पाण्याची वाफ होते तेव्हा ती निदान दीडशे लिटर हवेत पसरते, आणि तिच्या कणांच्या मांडणीचे प्रकार बेसुमार वाढतात. आत जेवढी घट झाली त्याहून बाहेरची वाढ अधिक. जमाखर्चाच्या वहीचे एकच पान पाहिले म्हणून कोडे पडले होते. चहाही वाफ सोडतोच. परंतु पेल्याचा काठ पाझरत नाही आणि वाफ निघण्यास जागाही थोडी, म्हणून तो फार खाली उतरत नाही. आपल्या धाराशिवच्या कोरड्या उन्हाळ्यात हवेस वाफेची भूक असते, म्हणून माठ उत्तम काम देतो. पावसाळ्यात किंवा समुद्रकाठच्या दमट हवेत तोच माठ निम्मेशिम्मे काम करतो. माठास तैलरंग दिल्यास छिद्रे बुजतात व पाणी थंड होत नाही, हे पालकांनीही ध्यानात ठेवावे. फ्रीजचा न्याय हाच. तो आतली उष्णता मागच्या बाजूने बाहेर टाकतो व विजेची किंमत घेतो. म्हणून त्याचे दार उघडे ठेवून स्वयंपाकघर थंड होत नाही, उलट अधिक तापते.

हे सर्व आम्ही पुढल्या आठवड्यात वर्गास समजावून दिले, तेव्हा एका मुलाने अधिक कठीण प्रश्न केला. त्याचे आजोळ सास्तूरकडचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने आपल्या जिल्ह्यातील उमरगा-लोहारा भागात दगडमातीची असंख्य घरे काही क्षणांत जमीनदोस्त केली. तो म्हणाला, "सर, सर्व विखरण्याकडेच जाणार असेल, तर आजोबांनी घर पुन्हा का बांधले?"

बाळांनो, नियम उभारणीस मनाई करीत नाही. तो फक्त तिचे मोल मागतो. काळ्या मातीतून ज्वारीचे ताट उभे राहते, कणसात दाणा भरतो. त्याचे मोल सूर्य देतो. सूर्याकडून आलेल्या एका प्रकाशकणाच्या बदल्यात पृथ्वी सुमारे वीस मंद कण अवकाशात परत पाठविते, आणि त्या पसरण्याच्या ओघातच जीवसृष्टीची रचना उभी राहते. तीच भाकरी खाऊन मनुष्य दगडावर दगड रचतो व घाम गाळतो. पडण्यास क्षण पुरतो, उभारण्यास वर्षे लागतात, हे त्या आजोबांस आमच्याहून अधिक ठाऊक होते. तरीही त्यांनी मोल दिले.

भौतिकशास्त्राचा नियम हा नीतीचा नियम नव्हे. त्यातून निराशेचा किंवा आशेचा उपदेश काढणे युक्त नाही. का बांधावे, हे तो सांगत नाही. ते प्रीती सांगते, आणि परमेश्वराने ती मनुष्याच्या अंतःकरणात ठेविली आहे, अशी आमची श्रद्धा आहे.

या उन्हाळ्यात माठातले पाणी पिताना त्या मुलीच्या प्रश्नाची आठवण ठेवा. आणि शिक्षकाचे उत्तर अपुरे वाटले, तर तिच्याप्रमाणेच उभे राहा.