कोल्हापूर महानगरपालिकेतील खरेदी व मालमत्ता विल्हेवाट

कोल्हापूर महानगरपालिकेतील खरेदी व मालमत्ता विल्हेवाट या विषयात दोन प्रकारचे नियम येतात. महानगरपालिकेने वस्तू, सेवा व बांधकामे कोणत्या पद्धतीने घ्यावीत हे पहिल्या प्रकारचे नियम सांगतात. वापरातून गेलेली जंगम मालमत्ता, तसेच जमिनी, गाळे व इमारती कोणत्या पद्धतीने विकाव्यात किंवा भाड्याने द्याव्यात हे दुसऱ्या प्रकारचे नियम सांगतात. या सर्व नियमांचा मूळ आधार मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ हा आहे. पुढे याच कायद्याचे नाव महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम असे झाले. त्याला राज्य शासनाचे खरेदीविषयक निर्णय, केंद्र शासनाचे पर्यावरण व मोटार वाहनविषयक नियम आणि न्यायालयांचे निवाडे यांची जोड मिळाली आहे.

पार्श्वभूमी

कोल्हापूर संस्थानात १८५४ साली नगरपालिका स्थापन झाली. संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९७२ साली नगरपालिकेचे रूपांतर महानगरपालिकेत झाले. त्यामुळे शहराच्या मालमत्तेचे मूळ एकसारखे नाही. काही जागा संस्थानकाळातून वारशाने आल्या आहेत, काही शासनाने हस्तांतरित केल्या आहेत, तर काही विकास आराखड्यातील आरक्षणांतून संपादित झाल्या आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात उभे राहिलेले आणि ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत मोठी हानी झालेले संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आणि बाजारपेठेतील भाड्याचा एखादा गाळा या दोन्ही कागदोपत्री ‘मनपाच्या मालमत्ता’च आहेत. त्यांच्या बाबतीतले कायदेशीर बंधन मात्र सारखे असेलच असे नाही. मालमत्ता महानगरपालिकेकडे कोणत्या अटीवर आली यावर ते अवलंबून असते.

करार करण्याचा अधिकार

अधिनियमाच्या कलम ७३ नुसार महानगरपालिकेच्या वतीने करार करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. महापौर, सभापती किंवा नगरसेवक यांना स्वतःच्या सहीने महानगरपालिकेला कराराने बांधून घेता येत नाही. आयुक्तांचा अधिकारही अनिर्बंध नाही. ठरावीक रकमेपेक्षा अधिक खर्चाच्या करारास १६ सदस्यांच्या स्थायी समितीची पूर्वमान्यता लागते. त्याहून कमी रकमेचे, परंतु विशिष्ट मर्यादेपलीकडचे करार झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत समितीला कळवावे लागतात. कायद्याने ठरविलेल्या नमुन्यात व रीतीने न केलेला करार महानगरपालिकेवर बंधनकारक ठरत नाही, असे कलम ७४ सांगते. अधिकाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर माल पुरविणाऱ्या व्यापाऱ्याला या कलमाचा अनुभव अनेकदा फार उशिरा येतो.

नगरसेवकाचा महानगरपालिकेशी झालेल्या करारात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, स्वतःचा अथवा भागीदारामार्फत हितसंबंध असेल, तर कलम १० प्रमाणे तो अपात्र ठरू शकतो.

या रचनेचा गाभा असा की प्रस्ताव मांडणारा एक आणि मान्यता देणारा दुसरा असावा. कोल्हापूरच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतरची पाच वर्षे निवडून आलेले सभागृह अस्तित्वात नव्हते. या काळात स्थायी समिती व सर्वसाधारण सभा यांचे अधिकार प्रशासकाकडे होते. आयुक्त म्हणून केलेली शिफारस आणि समितीच्या अधिकारात दिलेली मंजुरी एकाच टेबलावर होत असे. कायद्याच्या दृष्टीने हे वैध होते, तरीही नियम रचणाऱ्यांच्या मनातील दुहेरी तपासणी त्यात उरत नव्हती.

निविदा

कलम ७५ हे खरेदीचे मुख्य कलम आहे. ठरावीक रकमेहून अधिक खर्चाचे काम किंवा पुरवठा असेल, तर करारापूर्वी किमान सात दिवस आधी स्थानिक वृत्तपत्रांतून जाहिरात देऊन निविदा मागविणे आयुक्तांवर बंधनकारक आहे. आलेल्या निविदांपैकी कोणतीही एक स्वीकारलीच पाहिजे असे बंधन नाही. सर्व परिस्थिती विचारात घेता जी अधिक हितकारक वाटेल ती स्वीकारता येते. ‘सर्वांत कमी दर’ आणि ‘सर्वांत हितकारक’ हे शब्द समानार्थी नाहीत, हे येथे लक्षात घ्यावे. मात्र कमी दराची निविदा बाजूला ठेवायची असेल तर त्याची कारणे नोंदवावी लागतात आणि न्यायालयात ती टिकावी लागतात. निविदा न मागविता करार करण्याची मुभा स्थायी समिती देऊ शकते, परंतु त्याचीही कारणे कार्यवृत्तात लिहिली पाहिजेत. कलम ७६ सुरक्षा ठेवीविषयी आहे.

प्रत्यक्ष कार्यपद्धतीचा तपशील राज्याच्या उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ रोजीच्या शासन निर्णयाने प्रसिद्ध केलेल्या खरेदीच्या नियमपुस्तिकेत आढळतो. किरकोळ खरेदीसाठी दरपत्रके मागविली जातात. सामान्यतः किमान तीन दरपत्रके घेऊन त्यांचा तुलनात्मक तक्ता केला जातो. मोठ्या रकमेसाठी ई-निविदा अनिवार्य आहे. ही मर्यादा प्रथम ३ लाख रुपये होती, ती पुढे १० लाखांपर्यंत वाढविण्यात आली. ई-निविदेत सहसा दोन लिफाफे असतात. पहिल्या, तांत्रिक लिफाफ्यात नोंदणी, अनुभव, उलाढाल व बयाणा रकमेचा पुरावा असतो. दुसऱ्यात केवळ दर असतो. पहिल्यात अपात्र ठरलेल्याचा दुसरा लिफाफा उघडला जात नाही. म्हणूनच वादाची ठिणगी बहुधा दरावर पडत नाही, ती पहिल्या लिफाफ्यातील अटींवर पडते. एखाद्याच पुरवठादाराला बसेल असा अनुभवाचा किंवा यंत्रसामग्रीचा निकष घातला, की स्पर्धा जाहिरातीच्या दिवशीच संपलेली असते. राज्य शासनाने २०१७ मध्ये केंद्राचे ‘जेम’ हे खरेदी संकेतस्थळ स्वीकारल्यानंतर अनेक तयार वस्तूंची खरेदी त्यावरून होऊ लागली.

निविदेची मर्यादा चुकविण्यासाठी एकाच मागणीचे लहान तुकडे पाडणे नियमपुस्तिकेने निषिद्ध ठरविले आहे. एकाच प्रभागातील एकच गटार तीन कामांत विभागले गेले असेल, तर लेखापरीक्षक प्रथम याच शंकेने कागद पाहतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये रमण दयाराम शेट्टी खटल्यात मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेचा विचार केला होता. सार्वजनिक संस्थेने स्वतः जाहीर केलेल्या पात्रतेच्या अटी तिच्यावरही बंधनकारक असतात आणि त्या मनमानीपणे सोडून देणे हा संविधानाच्या अनुच्छेद १४ चा भंग ठरतो, असे तत्त्व त्यात मांडले गेले. महानगरपालिकांच्या निविदांवरील वादांतही याच तत्त्वाचा आधार घेतला जातो.

आणीबाणीतील खरेदी

कलम ६७ नुसार अचानक उद्भवलेल्या प्रसंगी, मालमत्तेची मोठी हानी किंवा जीवितास धोका संभवत असल्यास, आयुक्त तत्काळ आवश्यक ती कारवाई करू शकतात. कारवाई, तिची कारणे व झालेला खर्च यांचा अहवाल मात्र लगेच स्थायी समिती व महानगरपालिका यांना द्यावा लागतो. पंचगंगेच्या ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मधील महापुरांसारख्या प्रसंगी टँकर, पंप, औषधफवारणी व स्थलांतरितांची सोय यांसाठी सात दिवसांच्या जाहिरातीची वाट पाहणे शक्य नसते. तथापि पंचगंगेचे पाणी पावसाळ्यात चढते हे सर्वांना ठाऊक आहे. दरवर्षी लागणारी सामग्री मे महिन्यात न घेता ऑगस्टमध्ये ‘तातडीने’ घेतली, तर ती आणीबाणी मानावी का, हा प्रश्न रास्तच ठरतो.

जंगम मालमत्तेची विल्हेवाट

कार्यालयातील टेबल, कपाट, पंखा यांसारख्या टिकाऊ वस्तूंची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत केलेली असते. वस्तू निरुपयोगी झाली तरी ती परस्पर काढून टाकता येत नाही. प्रथम तिचे निर्लेखन करावे लागते. वस्तू दुरुस्तीपलीकडे गेल्याचा अभिप्राय, खरेदीची तारीख व मूळ किंमत यांसह यादी केली जाते, सक्षम अधिकाऱ्याची मान्यता घेतली जाते, किमान अपेक्षित किंमत ठरविली जाते आणि मग जाहीर लिलाव किंवा ई-लिलाव होतो. मराठीत पूर्वी यासाठी ‘हर्रास’ हा शब्द रूढ होता. आजचा ‘लिलाव’ पोर्तुगिजांकडून आलेला आहे, तर ‘बयाणा’ अरबी-फारसीच्या वाटेने आला. आलेली रक्कम महानगर निधीत जमा होते आणि नोंदवहीत त्या वस्तूपुढे निर्लेखनाचा शेरा लिहिला जातो. हा शेरा राहून गेल्यास नोंदवहीप्रमाणे असलेली, पण कार्यालयात नसलेली वस्तू नंतर आलेल्या लिपिकाच्या गळ्यात पडते.

सर्वच भंगार सर्वांना विकता येत नाही. जुने संगणक व विद्युत उपकरणे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत प्रक्रियादारांकडेच गेली पाहिजेत. महानगरपालिकेसह सर्व शासकीय संस्थांच्या, पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण त्याच तारखेपासून बंद झाले. अशी वाहने नोंदणीकृत मोडतोड केंद्रांमार्फतच मोडीत काढावी लागतात. कचरागाड्या व केएमटीच्या जुन्या बस यांना हा नियम लागू असल्याने वाहन लिलावात घेऊन पुन्हा रस्त्यावर आणण्याचा जुना मार्ग बंद झाला आहे. विल्हेवाटीचा हा नियम अशा रीतीने खरेदीवरही परिणाम करतो, कारण गाडी किती वर्षे चालेल याचा हिशेब आता निविदा काढतानाच मांडावा लागतो.

कलम ७९ व स्थावर मालमत्ता

कलम ७९ मध्ये विल्हेवाटीची चढती पायरी आहे. अल्प मूल्याची जंगम वस्तू विकण्याचा आणि अल्प भाड्याची स्थावर मालमत्ता एका वेळी बारा महिन्यांपर्यंत भाड्याने देण्याचा अधिकार एकट्या आयुक्तांना आहे. यात मासेमारीचा अथवा फळे-फुले गोळा करण्याचा हक्क देणेही येते. स्थायी समितीच्या मंजुरीने तीन वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा देता येतो. त्यापलीकडील भाडेपट्टा किंवा स्थावर मालमत्तेची विक्री यांसाठी सर्वसाधारण सभेची मंजुरी अनिवार्य आहे. किमतीबाबतची तरतूद सर्वांत महत्त्वाची आहे: स्थावर मालमत्ता चालू बाजारमूल्यापेक्षा कमी मोबदल्यात विकता, भाड्याने देता वा हस्तांतरित करता येत नाही. विशिष्ट न्यासाच्या उद्देशासाठी मिळालेल्या मालमत्तेचा उद्देश बाधित होईल असे हस्तांतरण करता येत नाही. शासनाकडून आलेली जागा तिच्या अटींविरुद्ध द्यायची असल्यास शासनाची पूर्वमंजुरी लागते.

बाजारमूल्याचा हा नियम गाळ्यांच्या प्रश्नात तीव्रतेने जाणवतो. अनेक भाडेकरूंच्या घराण्यात गाळा दोन-तीन पिढ्या चालत आला आहे आणि मूळ भाडे अत्यल्प राहिले आहे. राज्य शासनाने २०१९ मध्ये भाडेपट्ट्याचे नूतनीकरण व हस्तांतरण यांविषयी नियम करून भाड्याची सांगड रेडी रेकनरमधील बाजारमूल्याशी घातली, तेव्हा आकारणी एकदम कित्येक पटींनी वाढली आणि राज्यभर गाळेधारकांनी विरोध केला. पुढे शासनाला या नियमांत बदल करावा लागला. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा उपजीविकेचा प्रश्न आहे. पण त्याच रस्त्यावर खासगी इमारतीत पूर्ण भाडे भरणारा दुकानदार आणि घरफाळा भरणारा नागरिक हेही या व्यवहारातले अदृश्य पक्षकार असतात.

रस्ते प्रकल्प व टेंबलाईवाडीचा भूखंड

खरेदी व विल्हेवाट हे दोन्ही एकाच करारात गुंफले गेल्याचे कोल्हापुरातील ठळक उदाहरण म्हणजे शहरांतर्गत रस्ते विकास प्रकल्प. महानगरपालिका, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबी कंपनी यांच्यात ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर त्रिपक्षीय करार झाला. सुमारे ५० किलोमीटर रस्ते कंपनीने बांधायचे आणि त्या बदल्यात तीस वर्षे टोल घ्यायचा, अशी त्याची रूपरेषा होती. टेंबलाईवाडी येथील महानगरपालिकेचा मोठा भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने कंपनीला देण्याचाही त्यात समावेश होता. म्हणजे रस्त्यांची किंमत काही अंशी नागरिकांच्या टोलमधून आणि काही अंशी नागरिकांच्याच जमिनीतून फेडली जाणार होती.

ऑक्टोबर २०१३ मध्ये टोलवसुली सुरू झाली. प्रा. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे आदींच्या पुढाकाराने सर्वपक्षीय कृती समितीचे आंदोलन उभे राहिले. जानेवारी २०१४ मध्ये टोलनाक्यांची जाळपोळ झाली. आंदोलकांचे आक्षेप टोलपुरते नव्हते. कामाचा दर्जा, अपुरी कामे, प्रकल्पाची खरी किंमत आणि भूखंडाचे मूल्य हेही प्रश्न विचारले गेले. झालेल्या कामाचे स्वतंत्र मूल्यांकन करावे लागले. २०१५ च्या अखेरीस राज्य शासनाने टोल रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि कंपनीला भरपाई देण्याचे दायित्व शासनाने स्वीकारले.

पर्यवेक्षण

महानगरपालिकेच्या हिशेबांची तपासणी मुख्य लेखापरीक्षक करतात व स्थायी समितीला अहवाल देतात. मुख्य लेखापरीक्षक हे पद अधिनियमानेच निर्माण केलेले आहे. याशिवाय राज्याच्या स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागाकडूनही तपासणी होते. बेकायदेशीर किंवा लोकहितास बाधक ठराव निलंबित व विखंडित करण्याचा अधिकार कलम ४५१ अन्वये राज्य शासनाला आहे. निविदेची फाइल, तुलनात्मक तक्ता, लिलावाची यादी व भाडेपट्ट्याची प्रत माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये कोणताही नागरिक मागू शकतो. मात्र स्पर्धकाचे व्यापारी गुपित उघड होईल अशी माहिती, व्यापक लोकहित सिद्ध झाल्याखेरीज, नाकारता येते.