भूल देणारी नर्स : गुणांचा हिशेब आणि अर्जाची तयारी

आपल्या जिल्ह्यातील मुली नर्सिंग शिकून आता पुण्या-मुंबईपुरत्या राहिलेल्या नाहीत. कुणी आखातात आहे, कुणी इंग्लंडात, तर काही जणी अमेरिकेत स्थिरावल्या आहेत. त्यांच्याकडून गावाकडे एक बातमी येते, "अमेरिकेत नर्ससुद्धा भूल देते आणि तिला पगारही भरघोस मिळतो." मग पालक दवाखान्यात विचारायला येतात. "डॉक्टर, मुलीचं बी.एस्सी. नर्सिंग झालंय. एजंट म्हणतो हा कोर्स हमखास मिळेल. खरं आहे का?" काही जण शेत गहाण टाकण्याच्या तयारीत असतात. म्हणून आज आजाराऐवजी या विषयाची माहिती देत आहे.

बातमी खरी आहे. 'हमखास' हा शब्द मात्र खोटा आहे.

अमेरिकेतील पद्धत

आपल्याकडे भूल देण्याचे काम भूलशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर करतात. नर्सने स्वतंत्रपणे भूल द्यावी अशी व्यवस्था आपल्या देशात नाही. ऑपरेशन थिएटरमधील तंत्रज्ञाचा पदवी अभ्यासक्रम आपल्याकडे आहे, पण तो भूलतज्ज्ञाला मदत करणाऱ्याचा. या दोहोंत गल्लत करू नये.

अमेरिकेत मात्र नर्सने भूल देण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. मिनेसोटा राज्यातील मेयो क्लिनिकमध्ये अ‍ॅलिस मॅगॉ या परिचारिकेने १९०६ साली आपण दिलेल्या चौदा हजारांहून अधिक भुलींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात भुलीमुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नव्हती. पुढे अगाथा हॉजिन्स यांच्या पुढाकाराने १९३१ साली या परिचारिकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आज या पदाला तिकडे 'सी.आर.एन.ए.' म्हणतात. १ जानेवारी २०२२ पासून या शिक्षणात प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरेट पातळीचाच अभ्यासक्रम करावा लागतो. तो किमान तीन वर्षांचा, पूर्ण वेळेचा असतो. या काळात विद्यार्थ्याला किमान ६०० रुग्णांना भूल देण्याचा अनुभव घ्यावा लागतो आणि शेवटी राष्ट्रीय पातळीची परीक्षा द्यावी लागते.

किमान पात्रता तीन गोष्टींची : पदवी, अमेरिकेतील नोंदणीकृत परिचारिकेचा निष्कलंक परवाना आणि अतिदक्षता विभागातील किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव. त्यावर प्रत्येक कॉलेज आपापल्या अटी घालते. गुणांचा प्रश्न तेथे येतो.

गुण कसे मोजतात?

तिकडे टक्के नसतात. 'ए' श्रेणीला ४, 'बी'ला ३, 'सी'ला २ अंक धरतात. प्रत्येक विषयाला त्याच्या वजनाप्रमाणे क्रेडिट असतात. अंक आणि क्रेडिट यांचा गुणाकार करायचा, सगळ्यांची बेरीज करून एकूण क्रेडिटने भागायचे. जी सरासरी येते तिला जी.पी.ए. म्हणतात. बहुतेक कॉलेजे किमान ३ मागतात. पण जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ, त्यामुळे ज्यांना प्रवेश मिळतो त्यांची सरासरी ३.५ च्या आसपास किंवा त्याहून वर असते.

एक उदाहरण घेऊ. रसायनशास्त्र ४ क्रेडिट, श्रेणी 'सी'. शरीरक्रियाशास्त्र ४ क्रेडिट, श्रेणी 'बी'. औषधशास्त्र ३ क्रेडिट, श्रेणी 'ए'. गुणाकार झाले ८, १२ आणि १२. बेरीज ३२. भागिले ११. सरासरी आली २.९१, म्हणजे एका 'सी'ने उमेदवार रेषेखाली गेला. आता रसायनशास्त्र पुन्हा देऊन 'ए' मिळवली, तर काय होईल? जी कॉलेजे नवी श्रेणी धरतात त्यांच्या हिशेबात सरासरी ३.६४ होते. जी जुनी-नवी दोन्ही धरतात त्यांच्याकडे ३.२ होते. तेव्हा पैसे भरून विषय पुन्हा देण्याआधी ते कॉलेज कोणती रीत पाळते हे विचारून घ्यावे.

मात्र संपूर्ण पदवीची सरासरी सहजी हलत नाही. १२० क्रेडिटची सरासरी २.८ असेल, तर आणखी १२ क्रेडिटमध्ये सगळ्या 'ए' मिळवूनही ती २.९१ पर्यंतच जाते. म्हणून अनेक कॉलेजे विज्ञान विषयांची सरासरी वेगळी पाहतात, काही शेवटच्या ६० क्रेडिटचीच पाहतात. जुने गुण कमी असलेल्याने पदव्युत्तर पातळीवरील औषधशास्त्र किंवा शरीरक्रियाशास्त्राचा एखादा विषय घेऊन त्यात 'ए' मिळवली, तर निवड समितीला आजची तयारी दिसते.

विज्ञानाच्या गुणांचा एवढा आग्रह का? भूल म्हणजे नुसते झोपवणे नव्हे. झोपेच्या औषधाने रक्तदाब उतरतो, स्नायू सैल करणाऱ्या औषधाने श्वास थांबतो. मग श्वास यंत्राने द्यायचा, औषधाची मात्रा रुग्णाच्या वजनावर, वयावर, मूत्रपिंडाच्या कामावर ठरवायची, आणि हे सारे मिनिटामिनिटाला. मेंदूला चार-पाच मिनिटे प्राणवायू मिळाला नाही तर होणारी हानी भरून निघत नाही. हिशेबाला तेवढाच वेळ असतो.

अर्ज भक्कम कसा करावा?

गुण हे दाराची कडी. आत नेतो तो अनुभव. एक वर्ष ही किमान अट असली तरी दोन-तीन वर्षे काढलेली बरी. जेथे व्हेंटिलेटरवरचे, रक्तदाब टिकवणाऱ्या औषधांच्या ठिबकावरचे अत्यवस्थ रुग्ण असतात, असा मोठ्यांचा अतिदक्षता विभाग निवडावा. अपघात विभागाचा किंवा नवजात बालकांच्या विभागाचा अनुभव सगळीकडे धरला जातोच असे नाही.

अतिदक्षता परिचर्येची 'सी.सी.आर.एन.' ही परीक्षा द्यावी. तिला बसण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे दोन वर्षांत १७५० तास अत्यवस्थ रुग्णांची थेट सेवा. काही कॉलेजे ती सक्तीची करतात. भूल देणाऱ्या नर्सबरोबर काही दिवस थिएटरमध्ये उभे राहून काम पाहावे आणि त्या तासांची नोंद ठेवावी. शिफारसपत्र विभागप्रमुखाचे घ्यावे, म्हणजे ज्याने तुम्हाला रात्रपाळीत काम करताना पाहिले आहे त्याचे. मोठ्या नावाच्या पण अनोळखी माणसाचे पत्र उपयोगाचे नाही. मुलाखतीत आपण हाताळलेल्या रुग्णाविषयी विचारतात. अमुक औषध का दिले, त्याने काय होते, हे सांगता आले पाहिजे. नुसते "डॉक्टरांनी सांगितले म्हणून" हे उत्तर तेथे चालत नाही.

आपल्या मुलींसाठी खास

आता सर्वांत महत्त्वाची बाब, जी एजंट सांगत नाहीत. अतिदक्षता विभागातील अनुभव अमेरिकेतील, तिच्या अखत्यारीतील प्रदेशांतील किंवा तिच्या लष्करी रुग्णालयातीलच धरला जातो. पुण्या-मुंबईच्या नामांकित रुग्णालयात आय.सी.यू.मध्ये काढलेली पाच वर्षे शिकण्यासाठी सोन्यासारखी आहेत आणि तिकडे नोकरी मिळवायलाही कामी येतात. पण या अटीसाठी ती मोजत नाहीत.

म्हणजे क्रम असा : आधी पदवी. जी.एन.एम. झालेल्यांनी पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावे. मग गुणपत्रिकांचे मूल्यांकन, इंग्रजीची परीक्षा आणि 'एन्क्लेक्स' ही परवान्याची परीक्षा. मग व्हिसा. भारतात जन्मलेल्यांसाठी कायम वास्तव्याच्या परवान्याची रांग अनेक वर्षांची आहे. तिकडे गेल्यावर आय.सी.यू.ची नोकरी, मग अर्ज, मग तीन वर्षांचा अभ्यास. त्या तीन वर्षांत नोकरी करणे बहुधा जमत नाही, आणि अनेक ठिकाणी शुल्क एक लाख डॉलरच्या वर जाते. बारावीपासून धरले तर पंधरा वर्षांची तयारी ठेवावी, असा माझा हिशेब आहे.

टक्क्यांबाबतही एक सूचना. ६५ टक्के म्हणजे चारपैकी २.६ असा सरळ भागाकार नसतो. मूल्यांकन संस्था विषयवार रूपांतर करते, आणि आपल्या विद्यापीठांची गुण देण्याची रीत लक्षात घेते. म्हणून स्वतःच गणित करून निराश होऊ नये. मात्र आज बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात असलेल्या मुलींनी शरीररचना, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र हे विषय 'पास झाले की झाले' म्हणून सोडू नयेत. पुढे दहा वर्षांनी तीच गुणपत्रिका टेबलावर येते.

पालकांना एवढेच सांगेन, की या शिक्षणाची जागा कोणताही एजंट विकत देऊ शकत नाही. मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी तेथील मान्यता देणारी परिषद स्वतः जाहीर करते, ती पाहावी. एजंटाला एकच प्रश्न विचारावा, "अमेरिकेतील आय.सी.यू.चा अनुभव माझी मुलगी कुठून आणणार?" उत्तर गुळमुळीत आले, तर पैसे खिशातच ठेवावेत.

ज्यांना एवढा लांबचा पल्ला नको असेल, त्यांच्यासाठी आपल्याकडेही अतिदक्षता परिचर्येचा पदविका अभ्यासक्रम आहे, एम.एस्सी. नर्सिंग आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी आता व्हेंटिलेटर आले आहेत, पण ते रात्री दोन वाजता समजून हाताळणारी सिस्टर शोधावी लागते. जिला तिकडे जायचे आहे आणि जिला इथेच राहायचे आहे, त्या दोघींचाही पहिला धडा एकच आहे. तो नीट शिकावा.